इमल्शन गाळताना नॅनोफायबर मेम्ब्रेनमधून तेल उतरतंय

प्रश्न:
तेल-पाणी वेगळं करायला इलेक्ट्रोस्पिनिंगनं (सुईतून येणाऱ्या द्रावणाचे उच्च व्होल्टेजनं बारीक तंतू ओढून ते ड्रमवर गोळा करून) मेम्ब्रेन बनवलंय. पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल या प्लास्टिकचं डीएमएफ या द्रावकातलं १० टक्के द्रावण, १८ किलोव्होल्ट, प्रवाह ताशी १ मिली, सुई ते ड्रम १५ सेंमी. अस्तर पॉलिएस्टरचं. पाण्यातलं सुटं डिझेल छान वेगळं होतं. ट्वीन ८० (साबणासारखं काम करणारं रसायन) घालून केलेलं इमल्शन, म्हणजे पाण्यात तेलाचे बारीक थेंब विखुरलेलं मिश्रण, मात्र ०.५ बारवर गढूळच उतरतं आणि दहा मिनिटांत धार थेंबांवर येते. दाब वाढवू का?

उत्तर १:
अजिबात नको, कमी करा. ट्वीनमुळे तेल-पाण्यामधला ताण मीटरला ५ मिलीन्यूटनवर आला आणि छिद्राची त्रिज्या १ मायक्रॉन आहे असं धरा. थेंब आत ढकलायला लागणारा दाब २ × ०.००५ ÷ ०.०००००१, म्हणजे १०,००० पास्कल, ०.१ बार. तुम्ही त्याच्या पाचपट लावताय, थेंब चेपून पार होणारच. २० सेंमी पाण्याच्या उंचीवर, म्हणजे साधारण ०.०२ बारवर, चालवून बघा.

उत्तर २:
मेम्ब्रेन कोरडं बसवत असाल तर तिथेच घोळ आहे. आधी पाण्यात पूर्ण भिजवा, नाहीतर कोरड्या तंतूंना तेलच आधी चिकटतं.

पाण्याची ओढ वाढवायला कॉस्टिकची प्रक्रिया करा. सुरुवात १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, ६० अंश, अर्धा तास. पण आधी एका पट्टीवर. पांढरी पट्टी पिवळी, मग नारिंगी होत जाते. कडा पारदर्शक, जेलीसारख्या दिसल्या की प्रक्रिया जास्त झाली: तंतू फुगून छिद्रं बुजतात. सामू ७ येईपर्यंत धुवा आणि ओलंच ठेवा. अस्तर पॉलिप्रॉपिलीनचं घ्या, पॉलिएस्टरला कॉस्टिक खातं.

प्रश्नकर्ता:
एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) तंतूंवर मणीही दिसतात. त्याचा संबंध आहे का?

उत्तर १:
आहे. मण्यांमुळे जाळी एकसारखी बसत नाही, आणि तेल सगळ्यात मोठ्या छिद्रातून आधी निसटतं. द्रावण पातळ पडतंय. १२ टक्क्यांवर न्या. सुईच्या टोकाशी थेंब लोंबून गळत असेल तर प्रवाह ताशी ०.६ मिलीपर्यंत उतरवा. आणि फ्यूम हूडशिवाय (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाशिवाय) हे करू नका, डीएमएफ कातडीतूनही शरीरात जातं.

उत्तर ३:
धार मंदावते ती पृष्ठभागावर तेलाचा थर साचल्यामुळे. मेम्ब्रेनच्या वर ढवळत ठेवा, किंवा इमल्शन आडवं वाहतं ठेवा. दर वेळी इथेनॉलनं, मग पाण्यानं धुवा. मधे सुकू देऊ नका.

गाळलेलं पाणी नितळ दिसलं म्हणून थांबू नका. ट्वीन विरघळलेलं असतं, ते मेम्ब्रेनमधून सरळ पार होतं आणि सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय प्रदूषणाचं माप) चढाच राहतो. उरलेलं तेल हेक्सेन या द्रावकानं काढून वजन करा. पाणी नदी-नाल्यात सोडायचं तर तेलाची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे.