समिती म्हणजे साहेब नव्हे

मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांबद्दल ‘वरची तांत्रिक समिती म्हणजे नव्या पोरांच्या डोक्यावर बसवलेला साहेब, ती त्यांना शिकवत काही नाही’ असं एक मत ऐकू येतं. ते मला पटत नाही. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचे जनक गुइडो व्हॅन रॉसम २०१८ मध्ये तिच्या प्रमुखपदावरून पायउतार झाले. २०१९ पासून पायथनला पाच जणांची निवडून दिलेली समिती आहे, आणि तीत एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त लोक बसू शकत नाहीत. डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमची समिती तर वाद इतरत्र मिटलाच नाही तरच निर्णय देते. एखाद्या डेव्हलपरचा निर्णय फिरवायला तिला तीनास एक असं बहुमत लागतं! साहेबाला कुठे असं बांधून घेतलेलं असतं?

आणि शिकवणं म्हणाल, तर माझाच अनुभव सांगतो. मे महिन्यात, धरमपेठेतल्या खोलीत कूलर घरघरत असताना, मी अशाच एका प्रकल्पाचं रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती, मतदानाला टाकलं. रात्री प्रकल्पातल्या ज्येष्ठांपैकी एकाचं उणे एक, म्हणजे विरोधाचं, मत आलं. बाहेरून घेतलेल्या एका लायब्ररीचा (तयार कोडच्या संचाचा) परवाना, म्हणजे तिच्या वापराच्या अटी, मी फाइलमध्ये नोंदवलाच नव्हता. ती ओळ त्यांना दोन मिनिटांत टाकता आली असती. त्यांनी टाकली नाही. परवाना का नोंदवायचा, हे सविस्तर लिहून दुरुस्ती माझ्याकडूनच करून घेतली. आता नव्यांचे परवाने मी तपासतो.