मदत हवी आहे: लेक ढेकर काढतच नाही

मैत्रिणींनो, बाळंतपणासाठी माहेरी गुहागरला आले आहे. लेक 5 आठवड्यांची. अंगावर छान पिते, वजनही वाढतंय, पण ढेकर म्हणून काढत नाही! खांद्यावर घेऊन पाठ थोपटत पडवीत येरझारा घालते, तोवर बाईसाहेब गाढ झोपलेल्या. पाळण्यात ठेवलं की दहाव्या मिनिटाला पाय पोटाशी घेऊन कण्हणं, तोंड लालबुंद, आणि मग ढेकरासोबत फाटल्या दुधाची गुळणी थेट मानेच्या वळीत. त्यात हा पाऊस. दुपटी चुलीवर दोरी बांधून वाळवतोय, सगळ्यांना धुराचा वास.

डॉक्टर म्हणाले, एवढी गुळणी चालते. हिरवी किंवा जोरात फवारा उडाल्यासारखी उलटी झाली तर लगेच आणा. एक बाजू पिऊन झाली की मांडीवर बसवून, हनुवटीला तळहाताचा आधार देऊन (गळा दाबायचा नाही) थोपटायला सांगितलं. असं दोनदा जमलं. पण मध्येच सोडवली की ती किंचाळते, आणि रडताना आणखी हवा गिळते.

तुम्ही मध्ये थांबवता की शेवटीच? किती वेळ वाट बघता? आणि रात्री तीनला ती झोपलीच, तर ढेकराशिवाय ठेवता का?

शेजारच्या काकू पालथी झोपव म्हणतात. ते मी करणार नाही, उताणीच झोपवते. आई बेंबीभोवती हिंग लावते, तिला नाही म्हणवत नाही.