नऊ हजारांची मक्याची दारू चाखावी कशी?

मकेवाला (मोताळा, जि. बुलडाणा)

रामराम मंडळी. बहिणीचा पोरगा अमेरिकेतून आला अन् माह्यासाठी ब्लँटन्स नावाची बर्बन, म्हंजे अमेरिकन व्हिस्की, घेऊन आला. गोलमटोल बाटली, बुचावर घोडा अन् स्वार. किंमत इचारली तं म्हणे आपले नऊ हजार. म्हटलं लेका, एवढ्यात माह्या मक्याचं बियाणं अन् खताचा पहिला हप्ता निघते! तं तो हासते. "मामा, हे मक्याचंच हाय." बर्बन म्हणाचं असंन तं धान्यात निदान ५१ टक्के मका पाह्यजे, असा तिकडचा कायदाच हाय म्हणे.

तवापासून डोक्यात किडा. बावीस वर्षं झाली मका पेरतो. ढीग भिजला, आतून तापला, तं वासावरून मले अंधारात सांगता येते. पण ह्या बाटलीत मका सापडलाच नाही. नाक घातलं तं नुसता भपका अन् डोळ्यात पाणी. दोस्त लोक कोल्ड्रिंकची मोठी बाटली घेऊन ओसरीवर बसले होते, त्यायले हाकललं.

आता सांगा, नऊ हजार गेले कुठं, हे जिभेले कळते का? का घोड्याचेच पैसे? लेबलवर पिंपाचा नंबर टाकेल हाय, आपण पोत्यावर टाकतो तसा. त्याचं काय?

काउंटरमागचा (नागपूर)

काका, नाक पेल्यात खुपसू नका. ब्लँटन्समध्ये ४६.५ टक्के अल्कोहोल आहे, भपका मारणारच. तळाला ३० मिली ओता, दहा मिनिटं तशीच राहू द्या. मग पेला हनुवटीपाशी धरून, तोंड थोडं उघडं ठेवून वास घ्या. पहिला घोट फक्त जिभेला सवय लावायला, त्यावर निकाल देऊ नका. दुसरा तोंडात घोळवा. गिळल्यावर चव किती वेळ टिकते ते बघा. स्वस्त माल तिथेच उघडा पडतो.

मका पहिल्या झटक्यात लागत नाही, कारण वर लाकूड बसलंय. ओकचं पिंप नवं आणि आतून जाळलेलंच लागतं. व्हॅनिला, जळक्या साखरेचा वास, लवंगेसारखी झाक, सगळं त्यातून येतं. रंगसुद्धा. बर्बनमध्ये वरून रंग घालायला बंदी आहे, पाण्याशिवाय काही मिसळता येत नाही. आणि ते पिंप बर्बनसाठी एकदाच चालतं.

नंबरचं म्हणाल तर, ती बाटली एकाच पिंपातली आहे. बाकीच्या ब्रँडमध्ये बरीच पिंपं एकत्र करून चव सारखी करतात. इथे शेजारच्या पिंपाची बाटली वेगळी लागू शकते. १९८४ साली तिथले मास्टर डिस्टिलर, म्हणजे दारू गाळण्यातले उस्ताद, एल्मर टी. ली यांनी ही सुरू केली. पिंपं ठेवतात ते 'एच' गोदाम पत्र्याचं आहे. पत्र्याखाली उन्हात काय होतं ते तुम्हाला मी काय सांगू! लवकर तापतं, लवकर निवतं, दारू लाकडात आत-बाहेर करत राहते.

पण नऊ हजारांतला बराच भाग टंचाईचा आहे, हेही खरं. मागणी जास्त, माल कमी.

मोहफूल (गोंदिया)

आमच्याकडं उलटं हाय भाऊ. मोहाची पहिल्या धारेची लाकडात जातच नाही, म्हणून डोळे मिटून फूल ओळखू येते. तुमच्या बाटलीत मका बुडाशी बसला असंन. रातच्याले पेला न धुता ठेवा, सकाळी हुंगा. दारू उडून जाते, असली वास मागं राह्यते.

अन् खरंच परीक्षा घ्याची असंन तं तीन पेले घ्या. दोनात स्वस्तातली बर्बन, एकात ही. मांडणी दुसऱ्यानं करावी. वेगळा पेला ओळखता नाही आला, तं बाटली शोकेसमधी ठेवून द्या.

काउंटरमागचा (नागपूर)

हे झकास. स्वस्तातली म्हणून जिम बीम बर्बन घ्या. फक्त ती ४० टक्क्यांची असते. जोर सारखा करायला ब्लँटन्सच्या ३० मिलीत चहाचा एक चमचा, ५ मिली, पाणी टाका. नाहीतर चव नाही, तिखटपणाच ओळखाल.

मकेवाला (मोताळा, जि. बुलडाणा)

केलं बाप्पा. जिम बीम मलकापूरहून आणली. मांडणी घरच्या मंडळींनी केली, तोंडाले पदर लावून. पेल्याखाली बिंदीची टिकली चिटकवली होती खुणेले.

पहिल्या डावात सपशेल चुकलो. दुसऱ्यात अन् तिसऱ्यात बरोबर धरली. जिम बीम गोड लागते अन् लवकर पळून जाते. ब्लँटन्सले गिळल्यावर संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी मागं राह्यते, अन् मंग मिरी चावल्यासारखं. फरक हाय. पण जिम बीमच्या चौपट-पाचपट? नाही. मी तं नाही देणार. भाच्याले कळवलं, पुढच्या टायमाले दोन साध्या आण.

पेला तसाच ठेवला होता. सकाळी पाचले मोटर लावाले उठलो, जाता जाता हुंगला. पहिले कापलेलं लाकूड. मंग त्याच्या खाली, वाळवून पोत्यात भरलेला मका, तोंड सोडल्यावर येते ना, तो. मोहफूल भाऊ, बुडाशीच होता.

सांजच्याले दोस्तायले पण पाजली. कोल्ड्रिंक घालू दिलं नाही, म्हणून एक जण अजून बोलत नाही.