बिनशेती झाली, तरी वापर कोणता?
जागा बिनशेती झाली आहे, मग तळमजल्यावर गोदाम काढायला वेगळी परवानगी कशाला, या प्रश्नात दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. कर्नाटक जमीन महसूल कायदा, १९६४ च्या कलम ९५ खालचा बिनशेतीचा आदेश ठरावीक कारणापुरताच असतो. तो कन्नडमध्ये असल्याने त्यातला ‘वासद’, म्हणजे राहण्यासाठी, हा शब्द अनेकांच्या नजरेतून निसटतो (माझ्याही निसटला होता). शिवाय बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) आराखड्यातील निवासी पट्ट्यात गोदाम बसत नसेल, तर १९६१ च्या नगररचना कायद्याच्या कलम १४-अ प्रमाणे वापरबदल मागावा लागतो. महापालिकेचा व्यापार परवाना त्यानंतरचा. वडगाव-शहापुरात घरातच माग चालतात हे खरे, पण त्यांचे उदाहरण अर्जाला उपयोगी पडणार नाही. आधी नकाशात आपला सर्व्हे नंबर कोणत्या पट्ट्यात आहे, ते तपासावे.