प्रतिसाद: लिनक्सच्या डिस्का पोस्टाने पाठवणे

लिनक्सच्या (संगणक चालवणारी फुकट प्रणाली) डिस्का पोस्टाने कशा पाठवायच्या या प्रश्नावर वर कुणीतरी प्लास्टिकच्या डबीत घालून कुरिअर करा म्हटलंय, पण अहो फुकट वाटायच्या डिस्कला एवढा थाट कशाला? डिस्क असते जेमतेम १५-१६ ग्रॅमची, डबीसकट ती १०० च्या आसपास जाते आणि पोस्टात साध्या पत्राचा दर २० ग्रॅमच्या टप्प्याने चढतो, म्हणजे तुम्ही पैसे डबीचेच भरताय. त्यापेक्षा कागदी पाकीट आणि दोन्ही बाजूंनी पातळ पुठ्ठा, बास. इथे नाशकात मेन रोडकडे लग्नपत्रिकावाल्यांकडे कटिंगचे तुकडे उरतात, गोड बोलून मागा, बरेचदा तसेच देतात. पत्ता मात्र डिस्क आत घालायच्या आधी लिहायचा, बॉलपेन दाबून लिहिलं की वरच्या बाजूला ओरखडा जातो आणि डेटाचा थर तिथेच असतो (सीडीचा तरी). तिकीट एकदम कोपऱ्यात, शिक्क्याचा दणका डिस्कवर नको. तिकिटं आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्येच छापतात, सवलत काही मिळत नाही म्हणा :)

आणि पोस्टेज मागायला लाजू नका, जीपीएलमध्ये (लिनक्स ज्या परवान्याखाली वाटतात तो) पाठवणावळ घेता येते. उबंटूवाले (उबंटू हा लिनक्सचाच एक प्रकार) जगभर फुकट सीड्या पाठवायचे, त्यांनीही २०११ ला ते बंद केलं.