परदेशी पाहुण्यांनी प्रश्न विचारला की सरकारी पर्यटन पेज गप्प का बसतं?

ऐरोलीची सीमा
आमच्या वरच्या मजल्यावरची खोली आम्ही पाहुण्यांना देतो, आयटी पार्क जवळ असल्यामुळे परदेशी लोक बऱ्यापैकी येतात. आत्ता पोलंडचं एक जोडपं आहे, दोघांनाही पक्ष्यांचं भारी वेड. भारतात यायच्या आधीच त्यांनी एका सरकारी पर्यटन पेजवर ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंचं रील बघितलं आणि खाली कमेंटमध्ये सरळ विचारलं, बोट कुठून सुटते, परदेशी माणसाला तिकीट किती, आधी बुक करावं लागतं का. पेजकडून उत्तर काय, तर एक लाल बदाम आणि जोडलेले हात. परत विचारलं, काहीच नाही. शेवटी इथे आल्यावर मी सांगितलं की बोट भरतीच्या हिशोबाने सुटते म्हणून वेळ रोज बदलते, बुकिंग करून दिलं, ते जाऊन आले आणि फोटो टाकून त्याच पेजला टॅग केलं. तर त्याच संध्याकाळी मेसेज हजर, तुमचा फोटो आम्ही वापरू का म्हणून! त्यांनी आनंदाने हो म्हटलं, माणसं चांगली आहेत, पण मला फार लागलं ते. फोटो मागायला वेळ आहे आणि बोट कुठून सुटते एवढं एक वाक्य लिहायला नाही? सगळीकडे असंच असतं का आणि यात आपल्याला काही करता येईल का, खरंच विचारतेय.

कोपरीवाला
मी काही वर्षं एका एजन्सीत होतो, अशीच सरकारी पेजेस सांभाळायचो, कुठली ते नको. आधी एवढंच सांगतो की तिथे बसलेल्या पोरांना दोष देऊ नका. टेंडरमध्ये महिन्याला इतक्या पोस्ट, इतकी रील्स असं लिहिलेलं असायचं, रिपोर्टमध्ये रीच आणि फॉलोअर्स दाखवायचे, बिल त्यावर निघायचं. कमेंटला बरोबर उत्तर गेलं का हे कोणी मोजत नव्हतं.
आणि उत्तर द्यायचं तरी कुणाला विचारून? घारापुरीचंच घ्या. लेण्यांचं तिकीट पुरातत्त्व खात्याचं, गेटवेवरून सुटणाऱ्या लाँच खाजगी, बेटावर उतरलं की ग्रामपंचायतीचा कर वेगळा, आणि परत जिल्हा रायगड. परदेशी लोक हमखास विचारतात की भारतीयांना ४० आणि आम्हाला ६०० का. यात लपवण्यासारखं काय आहे, सरकारनेच ठरवलेला दर आहे, उलट सार्क आणि बिमस्टेक या आपल्या आजूबाजूच्या देशांच्या गटांतल्या लोकांना भारतीयांचाच दर लागतो म्हणजे श्रीलंकेचा किंवा थायलंडचा पाहुणा ४० मध्येच आत जातो, हे सांगितलं तर कितीतरी लोकांच्या कामाला येईल. सोमवारी लेणी बंद असतात हे पण. पण आम्ही असं काही लिहून वर पाठवलं की मंजुरी येईपर्यंत विचारणारा माणूस त्याच्या देशात परत पोचलेला असायचा. चुकीचा आकडा लेखी गेला तर जबाबदार कोण, ही भीती असते सगळ्यांना, म्हणून शेवटी बदामच जातो.

नेरूळ पूर्व
सगळीकडे असं नाहीये. जपानची सरकारी पर्यटन संस्था जेएनटीओ 'जपान सेफ ट्रॅव्हल' नावाचं वेगळं अकाउंट चालवते, भूकंप आला, वादळ आलं, ट्रेन बंद पडल्या की परदेशी माणसाला इंग्रजीत कळावं म्हणून, जोडीला २४ तास हॉटलाईन. कोरियात पर्यटकांसाठी १३३० ही हेल्पलाईन आहे, फोनवर पण आणि चॅटवर पण. स्वीडनने तर २०११ ते २०१८ देशाच्या नावाचं ट्विटर अकाउंटच दर आठवड्याला एका नागरिकाच्या हातात देऊन टाकलं होतं, २०१२ ला एकीने ज्यू लोकांबद्दल वाट्टेल ते लिहिलं, जगभर बोंबाबोंब झाली तरी त्यांनी ते चालूच ठेवलं. त्यांना माणसाने माणसाशी बोललेलं हवं होतं, आणि त्याची किंमत मोजायची तयारी होती.
आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. पर्यटन मंत्रालयाची १३६३ हेल्पलाईन आहे, २४ तास, हिंदी इंग्रजी धरून १२ भाषा, त्यात जपानी कोरियन अरबी पण आल्या. मग प्रत्येक रीलखाली हा नंबर पिन करायला काय हरकत आहे?

वर्तकनगर
आपल्या लोकांना तरी कोण उत्तर देतं? मी मराठीत विचारलं होतं, बदाम पण नाही आला. गोऱ्या माणसाचा फोटो मात्र लगेच शेअर होतो. आधी इथल्यांना उत्तरं द्या, मग बाहेरच्यांचं बघू.

माजिवड्याची मनीषा
वर्तकनगर, तुमचा राग बरोबर आहे पण दोघांचंही भांडण एकाच गोष्टीशी आहे ना. मला यापेक्षा वेगळीच गोष्ट जास्त खुपते. एखादी परदेशी मुलगी लिहिते की मला इथे त्रास झाला, माझा पाठलाग केला, आणि पर्यटन पेजला टॅग करते. पेजचं ठरलेलं वाक्य, वाईट वाटलं, कृपया डीएम करा. आणि खाली आपलीच पोरं तिच्यावर तुटून पडतात, देशाची बदनामी करतेस, तुमच्या देशात होत नाही का, कपडे बघ. ते सगळं सरकारी पेजच्या पोस्टखाली तसंच राहतं, ना कोणी काढत, ना कोणी तिच्या बाजूने एक ओळ लिहीत. २०२२ च्या अखेरीस खारला कोरियन यूट्यूबर मुलीला लाइव्ह चालू असताना दोघांनी त्रास दिला होता, आठवत असेल. व्हिडिओ पसरला, मुंबई पोलिसांनी स्वतःहून दखल घेऊन दोघांना पकडलं. म्हणजे सोशल मीडिया बघून काम होऊ शकतं, फक्त अकाउंटच्या मागे कारवाई करू शकणारा अधिकारी पाहिजे. पर्यटनाच्या पेजमागे तसं कोणी दिसत नाही. आता तर नवी मुंबईचं विमानतळ पण झालंय, लोक थेट आपल्या दारात उतरणार, तेव्हा हे आत्ताच नीट व्हायला हवं.

ऐरोलीची सीमा
मनीषाताई, अगदी. त्या कमेंट्स माझ्या पाहुण्यांनी पण वाचल्यात, भाषांतराचं बटण असतं ना, त्यांना सगळं कळतं.
कोपरीवाला, ते टेंडरमध्ये नक्की काय लिहिलंय ते आपल्याला बघायला मिळतं का?

कोपरीवाला
मिळतं. महाटेंडर्स म्हणजे राज्य सरकारच्या टेंडरच्या साईटवर शोधा, तिथे नाही सापडलं तर सरळ माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तुमचे पाहुणे नाही टाकू शकत, २००५ चा कायदा भारतीय नागरिकांनाच तो हक्क देतो, पण तुम्ही टाकू शकता. अर्जात 'का' विचारू नका, कागद मागा. एजन्सीच्या कराराची प्रत, कमेंट आणि मेसेजना उत्तर देण्याबद्दलचं कलम, आणि मागच्या वर्षाचे महिन्याचे रिपोर्ट. मसुदा मी करून देतो, मेसेज करा.

वर्तकनगर
मराठीतल्या प्रश्नांचं पण कलम आहे का तेही त्यात घाला. मी पण सही करतो.