पगार थांबला की मध्यमवर्ग किती महिने तग धरतो?

सात महिन्यांपूर्वी माझी नोकरी गेली. घराचा हप्ता, मुलीची फी, आईची औषधं, यातलं काहीच थांबलं नाही. मदतीच्या योजनांसाठी आमचं उत्पन्न कागदावर जास्त, कारण कागद मागच्या वर्षाचा. घर विकायला काढलं तर गिऱ्हाईक नाही. सगळ्यांचीच घरं एकदम विक्रीला आहेत. आम्ही चुकलो कुठे?

उत्तर १
ताई, चूक तुमची नाही. अर्जेंटिनाचं बघा. डिसेंबर २००१ मध्ये सरकारने बँकेतून आठवड्याला फक्त २५० पेसो (तिथलं चलन) काढू दिले. आयुष्यभर काटकसर केलेली माणसं निषेध म्हणून भांडी बडवत रस्त्यावर उतरली. पुढे डॉलरमधल्या ठेवी एका डॉलरला १.४० पेसो या दराने बदलल्या, आणि काही महिन्यांत बाजारात डॉलर तीन पेसोंच्या वर गेला. म्हणजे बचत होती, तरी हातात अर्धीही उरली नाही. मला हे फार लागतं. गरिबीच्या मोजणीत ही माणसं दिसतच नाहीत, कारण घर, पदवी, फ्रीज सगळं असतं. नसते ती फक्त रोकड.

उत्तर २
श्रीलंकेत सप्टेंबर २०२२ मध्ये महागाई ७० टक्क्यांजवळ होती. पगार चालू असूनही पुरेना. हप्ता थकण्याआधीच बँकेत जा, मुदत वाढवून लेखी घ्या.

प्रश्नकर्ती
उद्याच जाते. आईला अजून सांगितलेलं नाही.